उलट्या रिंगांचा आळ

मी डूख धरणारा माणूस आहे आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. काहींचा राग चहाच्या कपाबरोबर उतरतो. माझा उतरत नाही. बायको म्हणते, "तुमच्या पोटात गोष्ट मुरत नाई, सडते." असेल. पण ज्याला सासरच्या भर पंगतीत, त्याच्याच धंद्यावरून कुणी खोटं पाडलं असेल, त्यानंच मला क्षमा शिकवायला यावं. बाकीच्यांनी आपापलं पान वाढून घ्यावं.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशीम रोडला माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, भाजीच्या पिकअप आणि अलीकडे पेट्रोलच्या टर्बो गाड्यासुद्धा. मी शाळेत दहावीपर्यंत रडतखडत गेलो, पण इंजिन मला आवाजावरून कळतं. गाडी रस्त्यावरून वळून आत येईपर्यंत तिचं काय दुखतं ते मी सांगू शकतो. गिऱ्हाइकाला गंमत वाटते, मलाही वाटते. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढं एकच आहे.

माझं सासर शिरपूरच्या अलीकडे. सासरे बागायतवाले, वांगी-मिरची-कोथिंबीर काढणारे, बोलायला कमी आणि तोलायला पक्के. त्यांना दोन मुली. मोठी माझ्या घरी, धाकटी माझ्या साडूच्या. साडू मूळचा रिसोडचा, पण बारा वर्षांपासून पुण्यात. तिथं तो गाड्या ट्यून करतो. म्हणजे काय, तर कंपनीनं गाडीत बसवलेला कॉम्प्युटर काढायचा, त्याच्या जागी बाहेरून मागवलेला डबा बसवायचा, त्याला लॅपटॉप जोडायचा आणि इंजिनाला नवे हुकूम द्यायचे. टर्बोनं हवा किती कोंबायची, पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी केव्हा पाडायची. गाडी पळायला लागते, मालक खूश होतो, साडू व्हिडिओ टाकतो.

आमच्याकडे धोंड्याचा महिना आला की जावयांना बोलावतात. तीन वर्षांतून एकदा येतो हा अधिक महिना. पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारसे, नवे कपडे, पाटावर बसवून ओवाळणं. जावई दहावा ग्रह असं म्हणतात, ते या महिन्यात खरं होतं. सासऱ्यांच्या घरी तर नियमच होता की धोंड्यात जावयाचा शब्द खोडायचा नाही. जावई म्हणेल ती पूर्व दिशा. दोन जावई दोन दिशांना पूर्व म्हणाले तर काय करायचं, याचा विचार त्या नियमात केलेला नव्हता.

मागचा धोंडा श्रावणात आला होता. त्याच्या महिनाभर आधी मी मालेगावातल्या एका भुसार व्यापाऱ्याच्या टर्बो गाडीचं इंजिन पूर्ण खोलून बांधलं होतं. पिस्टनच्या रिंगा मी स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या, एकेक नखानं चाचपून. गाडी नव्यासारखी चालत होती. धोंड्याला साडू आला, त्या व्यापाऱ्याशी त्याची कुठंतरी गाठ पडली आणि दोन दिवसांत त्यानं गाडीला आपला डबा बसवला. मी म्हणालो, "इंजिन नवं बांधलं आहे, जरा रुळू द्या." तो हसून म्हणाला, "कंपनी घोडे बांधून ठेवते, भाऊ. मी फक्त दावं सोडतो."

आठव्या दिवशी घोडे मेले. गाडी वाशीमच्या वाटेवर धूर ओकून बसली. व्यापाऱ्यानं ती परस्पर मोठ्या शहरात नेली, नवं इंजिन टाकलं आणि जुनं तिथंच भंगारात दिलं. मला ते बघायलाही मिळालं नाही. साडू अजून सासरीच होता. पंगतीत विषय निघाला. सासरे मधे, आम्ही दोघं जावई दोन बाजूंना, समोर सासूबाई धोंडे वाढताहेत. साडूनं तुपाची वाटी पुढं केली आणि अगदी सहज म्हणाला, "भाऊनं रिंगा उलट्या बसवल्या असतीन. होते असं."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते दोन घास जेवले आणि म्हणाले, "असन बा."

असन बा, म्हणजे असेल बुवा! पंधरा वर्षं त्यांचं भाजीचं पिकअप मी चालतं ठेवलं होतं. त्यांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन माझ्याशिवाय कुणाच्या हातानं सुरू होत नसे. आणि धोंड्याच्या नियमापायी त्यांनी माझी अक्कल दोन शब्दांत त्या तुपात बुडवली. मलाही तोंड उघडता येईना, कारण मीही जावई आणि साडूही जावई. घास गिळला तो अजून खाली गेलेला नाही.

गोष्ट गावात यायला वेळ लागत नाही. चहाच्या टपरीवर मला "उलट्या रिंगवाले" म्हणायला लागले. गंमतीतच, पण गंमत करणारी माणसं गाड्या दुसरीकडे न्यायला लागली. जे आले ते उभे राहून बघायचे. मी रिंग हातात घेतली की मान लांब करून विचारायचे, "सुलटी हाय ना मिस्त्री?" त्यांच्या मागं टपरीवरचा हशा ऐकू यायचा. मी सुलटी आहे म्हणायचो आणि मनात साडूचं तेरावं घालायचो.

मला एकच हवं होतं. त्याच्या हातून मेलेलं इंजिन माझ्या बाकावर यावं आणि ते मी सासऱ्यांसमोर उघडावं. कारण इंजिन खोटं बोलत नाही. रिंग उलटी बसली तर इंजिन तेल पितं, निळा धूर देतं, महिनोन् महिने कुरकुरतं. पण ठिणगी वेळेआधी पडली तर गोष्ट वेगळी असते. पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर आगीचा घण बसतो. तापलेली हवा, हलकं पेट्रोल, वर चढाचा भार, असं सगळं जुळून आलं तर पिस्टन काही क्षणांत मेणासारखा वितळतो. ते बघून पोरगंही सांगेल की हे कुणाचं काम आहे. ते बघितलं की सासऱ्यांना "असन बा" परत घ्यावं लागेल. तीन वर्षं मी एवढ्याच आशेवर होतो.

यंदाचा धोंडा जेठात आला. ऊन असं की दुपारी स्क्रू ड्रायव्हर हातात धरवत नव्हता. आम्ही आदल्या दिवशीच सासरी पोचलो होतो. सकाळी दहाच्या सुमारास साडूची गाडी फाट्यावरून वळली. नवी टर्बो, लाल, मागं धुराचा नळा एवढा की त्यात बकरीचं पिल्लू बसावं. सासऱ्यांच्या अंगणाला छोटा चढ आहे. तो चढ चढताना गाडीनं आवाज केला.

तुम्हाला ऐकू आला नसता. डब्यात चार खडे हलवावेत तसा, अगदी बारीक, तेवढ्या चढापुरता. मी ओसरीवर बसलो होतो. तिथंच मी कान टवकारले. तोच आजार. तिकडं पुण्यात घोडे सोडणारा हा गृहस्थ स्वतःच्या घोड्यावर बसून आला होता, आणि घोडा आतून मरायला टेकला होता.

दुपारी मी त्याला बॉनेट उघडायला लावलं. कौतुक केल्यावर तो काहीही उघडतो. इंजिनाला असा ठोका बसला की कॉम्प्युटरला कळवणारा एक सेन्सर असतो. त्याची वायर काढून प्लास्टिकच्या पट्टीनं बाजूला बांधून ठेवली होती. मी विचारलं, "हे काहून?"

"उगाच बोंबलत राह्यते ते," तो म्हणाला. "ठोका नसला तरी ठोका दाखवते. ताकद कमी करून टाकते."

"अन् सेटिंग केव्हाची?"

"डिसेंबरातली. पुण्याले, पहाटंच्या थंडीत. काय पळाली राजेहो!"

थंडीतल्या पहाटेचे हुकूम घेऊन ही गाडी जेठातल्या वऱ्हाडात आली होती, राखणदाराचं तोंड बांधून. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. टर्बोची हवा कमी कर, सेन्सर जोड, जोरात हाणू नको. पाच मिनिटांचं काम, लॅपटॉप त्याच्या बॅगेतच होता. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "जबरदस्त केली गाडी!" तीन वर्षांत मी त्याच्याशी इतकं गोड बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी जावयांचे कपडे घ्यायला अकोल्याला जायचं काढलं. साडू म्हणाला, सगळे माझ्या गाडीत चला, एसी आहे. मी म्हणालो, मला अकोल्याहून सामान आणायचं आहे, मी जीप घेतो. सकाळीच मी जीपमध्ये बंद गाडी ओढायचा टोचनचा दोर टाकला होता. बायको बहिणीसोबत गाडीत बसायला निघाली होती, एक पाय आत टाकला होता. मी तिची पिशवी ओढली आणि म्हणालो, "तू माझ्यासंगं जीपीत ये."

"या गरमीत मले काहून शेकता?" ती म्हणाली.

"सोबत होते," मी म्हणालो. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा सोबत मागितली होती, म्हणून ती लाजली आणि जीपमध्ये येऊन बसली. गाडीत साडू, त्याच्या शेजारी सासरे, मागं मेहुणी.

जाताना पातूरच्या बाजूला घाट उतरतो, तेव्हा काही झालं नाही. होणारही नव्हतं. खरेदी झाली, मला निळा शर्ट मिळाला, साडूला पांढरा. परतताना ऐन दुपारी घाटाच्या पायथ्याशी उसाचा रस प्यायला थांबलो. डांबर चपलेला चिकटत होतं. साडूच्या गाडीचा पंखा बंद केल्यावरही घरघरत होता. मी ग्लास ठेवला आणि म्हणालो, "आमची जीप तं घाट दुसऱ्या गियरवर चढते बाप्पा. तुमची तिसऱ्यावर चढत असन?"

"तिसऱ्यावर?" त्यानं मेहुणीकडे बघून हसून घेतलं. "चौथ्यावर दाखवतो तुमाले. मांगून पाहा."

हेच मला हवं होतं. भार जास्त, फेरे कमी, टर्बो पूर्ण फुगलेला. इंजिनाला मारायचं तर याहून सोपा रस्ता नाही. मी त्याला ढकललं नाही, फक्त वाट दाखवली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

घाटात एक मालाचा ट्रक पुढं रांगत होता. साडूनं चौथ्यातच गाडी त्याच्या बाजूला काढली. खिडकी उघडी होती आणि मला तो आवाज आला, आता खडे नाही, गिट्टी. मग एक ठोका. मग गाडीच्या मागून पांढरा-काळा धूर असा उसळला की ट्रकही दिसेना. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. तोंडातून "घ्या!" असं निघालं. बायकोनं दचकून माझ्याकडे बघितलं.

मग धुरातून वरच्या बाजूनं उतरणारी एसटी दिसली. साडूची गाडी ताकद जाऊन ट्रकच्या बाजूला, चुकीच्या अंगाला अडकलेली. एसटीवाल्यानं हॉर्न दाबून धरला. ट्रकवाल्यानं, देव त्याचं भलं करो, जागच्या जागी ब्रेक मारला. तेवढ्या फटीतून साडूनं जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून गाडी डावीकडे, कठड्याच्या आत घातली. एसटी घासून गेली. बायको किंचाळत होती. मी जीप उभी करून धावलो. सासऱ्यांचं कपाळ समोर आपटून टेंगूळ आलं होतं. मेहुणी कपड्यांच्या पिशव्या छातीशी धरून बसली होती, बाकी कुणाला काही झालं नव्हतं. कुणाला काही झालेलं नाही हे बघितल्यावर मला पुन्हा आनंद झाला. इतका निर्लज्ज आनंद मला आयुष्यात दुसरा आठवत नाही.

दोर काढला, गाडी जीपला बांधली. मालेगावातून जाताना मी मुद्दाम बाजाराच्या रस्त्यानं गेलो, पहिल्या गियरमध्ये, वरातीच्या चालीनं. टपरीवर थांबलोसुद्धा. म्हणालो, "पाणी पाजा राव, मांगं पुण्याचे घोडे हायेत." सगळे उठून बघायला आले. साडू टोचन केलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून खाली मान घालून बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी इंजिन उघडलं. सगळ्यांना गॅरेजवर बोलावलं. सासऱ्यांना खुर्ची दिली, बायको आणि मेहुणी दाराशी उभ्या, साडू उकिडवा बसलेला. हेड उचललं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाहेर काढला. डोक्याची कड वितळून वाहून गेली होती आणि मधे बोट जाईल एवढं भोक. मी तो पुसून सासऱ्यांच्या हातात दिला.

"मामाजी, रिंगा पाहा. सुलट्या हायेत का उलट्या?"

त्यांनी चष्मा लावून बघितल्या. "सुलट्या."

"अन् वरतं हे काय झालं?"

"वितळलं."

"रिंगा कोनी बसवल्या? कंपनीनं. वितळवलं कोनी?" मी साडूकडे बघितलं. "व्यापाऱ्याच्या गाडीचंबी हेच झालं होतं. तवा माह्या नावावर फाडलं तुमी."

साडूनं सासऱ्यांच्या हातातल्या पिस्टनच्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हो भाऊ. त्या गाडीतबी ठिनगी माह्याचकून पुढं गेली होती. मले तवाच मालूम होतं. पंगतीत लाज वाटली, म्हनून तुमचं नाव घेतलं." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मेहुणीनं तोंड फिरवलं. सासरे म्हणाले, "माह्याकूनबी चुकलं जवाईबुवा. मी तवा असन म्हनलं."

झालं. तीन वर्षं ज्यासाठी जळलो ते सगळं माझ्या बाकावर मांडलेलं होतं. इथं मी चूप बसलो असतो तर बरं झालं असतं. पण जिंकलेल्या माणसाला जिंकणं पुरत नाही, आपण किती हुशार तेही सांगायचं असतं. मी हात पुसत म्हणालो, "मले काय हे आज समजलं? गाडी अंगनाचा चढ चढली ना, तवाच आवाज आयकला मी. ओसरीवरूनच सांगितलं असतं, हे घाटात मरते म्हनून. बॉनेट उघडलं तवा तं पक्कंच झालं."

साडूनं मान वर केली. सासऱ्यांनी पिस्टन हलकेच बाकावर ठेवला, चष्मा काढून खिशात घातला. धोंड्याचा महिना होता. जावयाला वाकडा शब्द बोलायची त्यांच्या घरी रीत नव्हती, आणि ते बोललेही नाहीत. आवाज नेहमीसारखा मऊ होता.

"म्हंजे तुमाले मालूम होतं."

"हो," मी म्हणालो. अजूनही मला वाटत होतं की ते शाबासकी देताहेत.

"म्हनून माही एक पोरगी तुमी जीपीत बसवली," ते म्हणाले, "अन् एक तिकडं बसू देली."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मेहुणी माझ्याकडे बघत होती, पण मला तिची भीती वाटली नाही. मी बायकोकडे बघितलं. तिचा एक हात दाराच्या चौकटीवर होता. सोबत म्हणून आपल्याला कशासाठी मागून घेतलं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळलेलं तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. तिनं बहिणीचा हात धरला आणि दोघी बाहेर निघून गेल्या.

सासरे उठले. मी जीपनं सोडतो म्हणालो. ते म्हणाले, "नको, एसटीनं जातो," आणि साडूला सोबत घेऊन स्टँडकडे चालायला लागले.

आता टपरीवर मला कुणी उलट्या रिंगवाला म्हणत नाही. गिऱ्हाइकं परत आली आहेत. साडूबद्दल मला आजही वाईट वाटत नाही, त्याची खोड मोडली ते बरंच झालं. पण बायको आता माहेरी जाताना एसटीनं जाते. मी जीप काढली तर म्हणते, "तुमी या मांगून," आणि मी येईन की नाही हे बघायला थांबत नाही.